बीजगणित-भूमिती वेगवेगळे शिकवलेले बरे की एकत्र?

मुलगी नववीत जातेय, सांगलीतच स्टेट बोर्डात ठेवू की 'गणित एकत्र शिकवतात' म्हणून सीबीएसईला घालू, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या गणितासाठी शाळा बदलू नका.

हा वाद मुळात अमेरिकेतला. तिथे जुन्या पद्धतीत एक अख्खं वर्ष बीजगणित, पुढचं वर्ष भूमिती, मग पुन्हा बीजगणित. एकात्मिक पद्धतीत दरवर्षी सगळंच थोडं थोडं. आपल्याकडे स्टेट बोर्डाला पुस्तकं दोन आणि ४०-४० मार्कांचे पेपर दोन असले, तरी दोन्ही भाग एकाच वर्षात चालतात. सीबीएसईला ८० चा एकच पेपर. फरक एवढाच!

खरी गोची वेगळीच आहे. दहावीच्या भाग १ मध्ये, म्हणजे बीजगणितात, पोरं रेषीय समीकरणाचा आलेख काढतात आणि भाग २ मध्ये, म्हणजे भूमितीत, निर्देशक भूमितीच्या धड्यात रेषेचा चढ, म्हणजे ती किती कलती आहे ते. रेषा तीच, पण वह्या दोन. त्यात विश्रामबागेतल्या एखाद्या क्लासला बीजगणिताचे सर वेगळे, भूमितीचे वेगळे असले की संपलंच.

हे घरीही जुळवता येतं. 'एक्स अधिक वाय बरोबर ४' चा आलेख काढायला सांगा. त्यावरच्या (०, ४) आणि (४, ०) वरून चढ काढू द्या, उणे १ येईल. मग समीकरण 'वाय बरोबर उणे एक्स अधिक ४' असं लिहायला लावा आणि विचारा, एक्सचा सहगुणक, म्हणजे एक्सला गुणणारा आकडा, किती? तोही उणे १, म्हणजे चढच!