मालवणच्या होमस्टेच्या 40 फोटोंना तेच ॲडजस्टमेंट लेयर पुन्हा कसे लावायचे?

फोटोशॉपमध्ये पहिल्या फोटोचे ॲडजस्टमेंट लेयर निवडून कंट्रोल-जीने ग्रुप करा, ग्रुपवर राइट-क्लिक करून ‘डुप्लिकेट ग्रुप’ घ्या आणि डॉक्युमेंटच्या खान्यात दुसरा फोटो निवडा. तो आधी उघडलेला हवा. ॲडजस्टमेंट लेयरमध्ये चित्र नसतं, फक्त सूचना असतात, म्हणून तो कुठल्याही फोटोवर बसतो. मास्क, म्हणजे लेयरचा परिणाम फोटोच्या कुठल्या भागावर दिसावा हे ठरवणारा पडदा, मात्र चित्रासारखाच असतो. पहिल्या फोटोत आकाशापुरता काढलेला मास्क दुसऱ्यात माडांच्या झावळ्यांवर येऊन बसेल, तेव्हा नेण्याआधी तो पुसा.

चार-पाच फोटोंना हे ठीक, 40 ला कंटाळा येईल. तिथे ॲक्शन, म्हणजे रेकॉर्ड करून पुन्हा चालवता येणारी पायऱ्यांची मालिका, बनवा:

- रेकॉर्ड सुरू करून कर्व्ह्‌ज, ह्यू-सॅच्युरेशन हे लेयर नव्यानेच घाला. डुप्लिकेट रेकॉर्ड केलंत तर त्यात त्या एका फाइलचं नावच अडकतं.
- मग फाइल, ऑटोमेट, बॅच या मेनूतून ती ॲक्शन सगळ्या फोटोंना एकदम लावा. सेव्ह वेगळ्या फोल्डरात करा, नाहीतर मूळ फोटो गेले म्हणून समजा.

मी स्वतः किनाऱ्यावरच्या होमस्टेंचे फोटो असेच करतो. पण पावसाळ्यातले आणि डिसेंबरच्या उन्हातले फोटो एकाच बॅचमध्ये घालू नका. ढगाळ दिवसासाठी वाढवलेलं सॅच्युरेशन उन्हातल्या चिऱ्याच्या भिंतीला लावलं की जांभा थेट गाजरासारखा दिसतो. दोन गट, दोन ॲक्शन. आणि लेयर एकमेकांशी जोडलेले राहत नाहीत; एकात बदल केलात तर बाकीचे आपोआप बदलणार नाहीत.