एक्स-रे नॉर्मल, तरी घोटा दगा का देतो?

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतोय. दोन वर्षांत उजवा घोटा तीनदा मुरगळला, दर वेळी बाहेरच्या अंगाला. आता सूज नाही, दुखत नाही, एक्स-रेही नॉर्मल. १६०० मीटर पळतो. पण उजव्या पायावर उभं राहून पँट घालताना हमखास डगमगतो आणि शेतात पाय कधी वळेल याचा भरवसा नाही. ताकद कमी पडते का? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : थोडीफार पडत असेल, पण मूळ दुखणं बहुधा वेगळं आहे. एक्स-रेत हाडं दिसतात, लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं जोडणाऱ्या पट्ट्या, दिसत नाहीत. पाय आत वळला की बाहेरच्या घोट्याच्या पुढून पावलाकडे जाणारं लिगामेंट सगळ्यात आधी ताणतं किंवा फाटतं. सांध्याभोवतीच्या याच पट्ट्यांत आणि स्नायूंत पाऊल किती वळलंय हे मेंदूला कळवणारे मज्जातंतूंचे शेवट असतात. दुखापतीनंतर ही खबर अपुरी किंवा उशिरा पोचते. मग पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू, ज्यांनी पाऊल झटकन बाहेर खेचायचं, ते वेळ साधू शकत नाहीत. ब्रिटिश डॉक्टर फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्येच हा मुद्दा मांडला आणि तोलाचे व्यायाम सुचवले. पुढे असंही दिसलं की बिघाड फक्त सांध्यात राहत नाही. मेंदूची तोल सांभाळण्याची पद्धतच बदलते, म्हणून कधी कधी न दुखावलेल्या पायाचा तोलही कच्चा निघतो.

दोन्ही पायांवर उभं राहिलं तर हे कळत नाही. पाया रुंद असतो आणि उरलेलं डोळे भरून काढतात. सपाट मैदानावर पळतानाही ते झाकलं जातं. काळ्या मातीच्या वावरात उन्हाळ्यात भेगा न् ढेकळं, पावसाळ्यात बुटाच्या तळव्याला चिकटणारा चिखल. तिथे ते उघडं पडतं.

आधी तपासा. अनवाणी, कडक फरशीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा. हात कमरेवर, एक पाय उचललेला. डोळे उघडे ठेवून ३० सेकंद, मग डोळे मिटून २० सेकंद. पाय टेकला, हात कमरेवरून सुटला, टाच किंवा पुढचा पंजा उचलला गेला, की एक चूक. दोन्ही पायांच्या चुका मोजा; फरक किती, हेच पाहायचं. दुसरी तपासणी : भिंतीकडे तोंड करून पाऊल जमिनीवर सपाट ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. अंगठा भिंतीपासून किती सेंटीमीटर मागे नेता येतो ते दोन्ही पायांचं मोजा. उजव्याचं बरंच कमी भरलं तर सांधा आखडलाय आणि नुसत्या तोलाच्या व्यायामाने काम भागणार नाही. हीच हालचाल १०-१५ वेळा, रोज दोनदा करा.

मग सराव, आठवड्यातून पाच दिवस, निदान सहा ते आठ आठवडे, दोन्ही पायांनी :

एका पायावर ३० सेकंद, पाच वेळा. गुडघा किंचित वाकलेला. हे न टेकता जमलं की उभं असताना मान डावी-उजवीकडे फिरवा. तेही जमलं की डोळे मिटून, १० सेकंदांपासून वाढवत. त्यानंतर चौपदरी घडी घातलेल्या गोधडीवर उभे राहा, पुन्हा डोळे उघडून सुरुवात. शेवटी जमिनीवर खडूने इंग्रजी वाय अक्षर काढा, वायचा दांडा समोर येईल असे मध्ये उभे राहून मोकळ्या पायाचं बोट तिन्ही रेषांवर जमेल तितकं लांब न्या. समोरच्या रेषेवर दोन पायांत ४ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक राहिला, तर उड्या आणि झटपट वळणं अजून नकोत. फरक गेला की छोटी उडी मारून त्याच पायावर ५ सेकंद स्थिर उतरणं.

ताकदीसाठी सायकलची जुनी ट्यूब पुरते : खाटेच्या पायाला बांधून तिचा फास पंजाला अडकवा आणि पाऊल सावकाश बाहेर वळवा, १५ वेळा, तीन फेऱ्या.

चुका बहुतेकांच्या ठरलेल्या. गुडघा ताठ लॉक करतात, बोटांनी फरशी आवळतात, मोकळा पाय उभ्या पायाला टेकवतात. तिन्हींत घोट्याला काम उरत नाही. थोडं थरथरणं मात्र चालेल, घोटा तेव्हाच कामाला लागलेला असतो. आणि दोन आठवड्यांत बरं वाटलं की सोडून देतात, ही तर सर्रास.

भरती होईपर्यंत सरावात लेस असलेला अँकल ब्रेस (घोट्याला बांधायचा आधारपट्टा) वापरा. पुन्हा मुरगळण्याचा धोका त्याने कमी होतो. ब्रेसने स्नायू दुबळे होतात ही भीती नको, पण व्यायाम अनवाणीच करायचे.

प्रश्न : वय ५८, मधुमेह आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पाय मुरगळला होता. चैत्रात वणीला पायी जायचंय. अंधारात चालताना झोक जातो. (एक वाचक, यावल)

उत्तर : ताई, सगळा दोष जुन्या मुरगळण्यावर टाकू नका. अंधारात डोळ्यांचा आधार सुटतो. तेव्हाच झोक जात असेल तर मधुमेहाने दोन्ही तळपायांची संवेदना कमी झाली आहे का, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर नक्कीच. वरचा डोळे मिटायचा भाग तुम्ही करू नका. दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून एका पायावर १० सेकंद, मग एका हाताने, मग दोन बोटांनी. वाटेत टॉर्च आणि काठी ठेवा. टाचेला पट्टा नसलेली चप्पल नको. तळपाय रोज रात्री पाहा, बधिर पायाला फोड कळत नाही.

प्रश्न : ताजी लचक ओढून बसवून घ्यावी का? (एक वाचक, पारोळा)

उत्तर : नको. लिगामेंट फाटलेलं असेल तर ओढण्याने ते आणखी फाटेल, आणि आत फ्रॅक्चर असेल तर हाड सरकेल. आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या मागच्या कडेवर, टोकापासून ६ सेंटीमीटर वरपर्यंत, हाड दाबल्यावर दुखत असेल, पावलाच्या बाहेरच्या कडेचं किंवा आतल्या कमानीवरचं हाड दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर आधी एक्स-रे. तसं नसेल तर क्रेप बँडेज, पाय उंच ठेवणं, कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं, आणि सोसवेल तितकं लवकर चालायला लागणं. पहिल्या दोन-तीन दिवसांत गरम शेक आणि रगडून मालीश टाळा, सूज वाढते. वर सांगितलेला तोलाचा सराव पूर्ण वजन न दुखता पेलता आलं की सुरू करा.