जहाज सापडलं, मग वर का काढत नाहीत?

मागच्या अंकात काळ्या समुद्राच्या तळाशी असलेल्या ग्रीक जहाजाबद्दल छोटी नोंद दिली होती. बल्गेरियाच्या किनाऱ्यापुढे दोन किलोमीटरहून जास्त खोलीवर हे जहाज आहे. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने काम करणाऱ्या पथकाने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ते जाहीर केलं. लांबी सुमारे २३ मीटर, वय सुमारे २४०० वर्षं. डोलकाठी उभी, सुकाणूची वल्ही आणि बसायची बाकं जागच्या जागी. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न घेत आहोत.

प्रश्न : आमच्या अंगणातली लाकडी फाटक दोन पावसाळ्यांत कुजते. समुद्रात २४०० वर्षं लाकूड टिकतं कसं? (रत्नागिरी)

फाटक पाण्याने कुजत नाही. ती एकदा भिजते, एकदा सुकते, आणि ओल व हवा दोन्ही मिळाल्या की बुरशीचं फावतं. सतत पाण्याखाली असलेल्या लाकडाला बुरशीचा त्रास फारसा होत नाही. तिथला खरा शत्रू वेगळा. इंग्रजीत त्याला शिपवर्म म्हणतात, पण तो किडा नसून शिंपल्याच्याच कुळातला प्राणी आहे. डोक्याशी असलेल्या दोन चिमुकल्या शिंपांनी लाकूड किसत तो आत शिरतो. फळी बाहेरून धड दिसते आणि आतून चाळण झालेली असते. याच जातकुळीच्या प्राण्यांमुळे आपल्याकडच्या लाकडी होड्यांचे तळही पोखरले जातात.

या प्राण्याला प्राणवायू लागतो, आणि काळ्या समुद्रात नेमका तोच खोलवर नाही. डॅन्यूब, नीपर यांसारख्या नद्यांचं गोडं, हलकं पाणी वर तरंगतं. बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्राचं खारं, जड पाणी तळाने आत येतं. हे दोन थर एकमेकांत जवळजवळ मिसळत नाहीत, त्यामुळे वरची हवा खाली पोचत नाही. साधारण १५० ते २०० मीटरखाली प्राणवायू संपतो. तिथे जगणारे जिवाणू सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. त्या पाण्यात लाकूड पोखरणारं काही जगत नाही.

भूमध्य समुद्रात अशी सोय नाही. तिथे गाळात गाडलं गेलेलं तेवढं उरतं, उघडं पडलेलं फस्त होतं. ग्रीसच्या अँटिकिथिरा बेटाजवळ बुडालेल्या एका जुन्या जहाजात मिळालेले संगमरवरी पुतळे पाहा. वाळूत रुतलेली बाजू गुळगुळीत, आणि पाण्यात उघडी राहिलेली बाजू प्राण्यांनी कुरतडून खडबडीत केलेली. दगडाची ही गत, तर लाकडाची काय होईल?

प्रश्न : जहाजावर नाव नाही, माल दिसत नाही. मग ते ग्रीक आणि इसवी सनपूर्व ४०० चं हे कशावरून? (पुणे)

शंका रास्त आहे. वय ठरवलं ते दूरनियंत्रित यंत्राने वर आणलेल्या लाकडाच्या लहानशा तुकड्याच्या कार्बन चाचणीवरून. सजीवातला किरणोत्सारी कार्बन त्याची वाढ थांबली की ठराविक वेगाने घटत जातो, आणि किती उरला यावरून वय काढतात. ‘ग्रीक’ म्हटलं ते मुख्यतः बांधणीवरून. ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनपूर्व ४८० च्या सुमाराचं एक ग्रीक भांडं आहे. त्यावर डोलकाठीला बांधलेला ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस आणि त्याचं जहाज रंगवलेलं आहे. त्या चित्राशी या जहाजाचं साम्य आहे. पण पोटातला माल कुणी उपसून पाहिलेला नाही. निघालं कुठून, नेत काय होतं, हे माल पाहिल्याशिवाय ठरत नाही.

दुसरी गोष्ट बातम्यांमध्ये हटकून गळते. कार्बन चाचणीतून कळतं ते झाडाचं ते वलय केव्हा वाढलं, जहाज केव्हा बुडालं हे नव्हे. फळी खोडाच्या गाभ्यातून काढली असेल तर बरीच वर्षं तिथेच जास्तीची धरली जातात, आणि जहाज किती वर्षं वापरात होतं ते वेगळंच. बुडण्याची तारीख हवी तर एकाच हंगामात पिकणारी वस्तू लागते. बदाम, धान्य, फळांच्या बिया असं काही.

प्रश्न : इतकं अखंड जहाज आहे, तर वर काढून संग्रहालयात का ठेवत नाहीत? पैसा नाही की इच्छा नाही? (नागपूर, ठाणे, मडगाव)

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आली. अडचण पैशाच्या आधी लाकडाची आहे. ‘अखंड’ म्हणजे आकाराने अखंड. प्राणवायूशिवाय जगणारे काही जिवाणू लाकडातलं सेल्युलोज सावकाश खातच असतात. रिकाम्या झालेल्या पेशींत पाणी भरतं आणि त्या पाण्यावरच आकार तगून असतो. फार झिजलेल्या लाकडात कोरड्या लाकडाच्या वजनाच्या चौपटीहून जास्त पाणी असू शकतं. असं लाकूड नुसतं उन्हात ठेवलं तर पाणी उडताना पेशींच्या भिंतींना आत ओढून घेतं. फळी आकसते, पिळवटते, तडकते. पुन्हा भिजवली तरी ती पूर्वीसारखी होत नाही.

उपाय आहे, पण वेळखाऊ. लाकूड वर आलं की एक क्षणही सुकू द्यायचं नाही. आधी गोड्या पाण्याच्या टाक्यांत ठेवून, पाणी बदलत बदलत, मीठ काढून टाकायचं. मग पाण्याच्या जागी पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाचा मेणासारखा पदार्थ भरायचा. त्याला थोडक्यात ‘पेग’ म्हणतात, आणि औषधांत, मलमांत तो सर्रास वापरला जातो. सुरुवात पातळ द्रावणाने करून प्रमाण महिनोन्महिने हळूहळू वाढवत न्यायचं. घाई केली तर बाहेरचं दाट द्रावण लाकडातलं पाणी झपाट्याने खेचून घेतं, पेग मात्र तितक्या वेगाने आत शिरत नाही, आणि टाळायची होती तीच आकसण टाकीतच होते. लहान रेणूंचा पेग पेशींच्या भिंतींत शिरतो, मोठ्या रेणूंचा पोकळ्या भरतो. म्हणून बरेचदा दोन टप्पे करतात. शेवटी दमटपणा बेताबेताने कमी करत वाळवण. स्टॉकहोमच्या ‘वासा’ या १६२८ साली बुडालेल्या युद्धनौकेवर १९६२ ते १९७९ अशी सतरा वर्षं या द्रावणाचे फवारे मारत होते.

तरी पुढचं दुखणं राहतंच. प्राणवायू नसलेल्या पाण्यात लाकडामध्ये गंधकाची संयुगं साठतात, लोखंडी खिळ्यांजवळ तर अधिकच. हवा लागली की त्यांचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि ते लाकूड आतून खातं. वासाच्या लाकडावर हे २००० साली उघड झालं. काळ्या समुद्रातलं जहाज तर शतकानुशतकं गंधकाच्या पाण्यातच उभं आहे. आमचं मत विचाराल तर त्याला तिथेच राहू द्यावं. हजारो छायाचित्रं जोडून त्याची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर करता येते, आणि त्यासाठी जहाजाला हातसुद्धा लावावा लागत नाही.

प्रश्न : मग आजवर एकही ग्रीक जहाज वर काढलेलं नाही का? (कोल्हापूर)

काढलंय, आणि ते गाजलेलंही आहे. सायप्रस बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या किरेनियाजवळ आंद्रेआस कारिओलू या पाणबुड्याला १९६५ साली मडक्यांचा ढीग दिसला. खोली सुमारे ३० मीटर. मायकेल कॅटझेव्ह यांच्या पथकाने १९६८ आणि १९६९ च्या उन्हाळ्यांत तिथे उत्खनन केलं.

तीस मीटरवर दाब चार पट होतो, म्हणजे टाकीतली हवाही चार पट वेगाने संपते. साध्या हवेवर वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त थांबलं तर वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावं लागतं, नाहीतर दाब एकदम उतरून अंगात बुडबुडे धरतात आणि माणूस लुळा पडतो किंवा दगावतो. इतक्या तोकड्या वेळात काम उरकायचं तर आधी तळावर चौकटींची जाळी टाकतात आणि प्रत्येक चौकोनाची मोजमापं व छायाचित्रं घेतात. वस्तू हलते ती त्यानंतरच. गाळ उपसायला हवेचा पाइप असतो. पाइपच्या खालच्या तोंडात दाबाची हवा सोडली की बुडबुडे वर धावतात आणि पाणी, गाळ ओढून नेतात. नवखा माणूस पाइपच्या तोंडानेच खणायला लागतो, आणि बिया, दोरीचे तुकडे असं हलकं सामान क्षणात गडप होतं. पाइप जरा दूर धरून हाताने वारा घातल्यासारखा गाळ त्याच्याकडे ढकलायचा, आणि वरच्या तोंडाला जाळी बांधायची.

किरेनियात हाती लागलं ते असं: ४०० च्या आसपास दोन कानांचे कुंभ, बहुतेक रोड्स बेटाच्या घडणीचे, दगडी जात्यांचे २९ भाग, हजारो बदाम, जाळ्याला लावायची ३०० हून जास्त शिसाची वजनं. पेले चार, चमचे चार, म्हणून खलाशीही चार असावेत. मालाच्या आणि गाळाच्या भाराखाली दबल्यामुळे सांगाड्याचा अर्ध्याहून जास्त भाग टिकला होता. तो तुकड्यातुकड्यांनी वर आणून पेग भरला आणि रिचर्ड स्टेफी यांनी किरेनियाच्या किल्ल्यात जुळवला. आजही तो तिथेच पाहता येतो.

बांधणी सुतारांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. आधी सांगाडा उभारून मग फळ्या ठोकलेल्या नाहीत, आधी फळ्यांचं कवच केलं आहे. फळीच्या कडेला दर बारा-एक सेंटिमीटरवर खाच, दोन फळ्यांच्या खाचांत मिळून एक सुटं कुसू, म्हणजे दोन्हींत बसणारी लाकडी पट्टी, आणि ते निसटू नये म्हणून आरपार लाकडी खुंटी. आतल्या फासळ्या मागाहून बसवल्या. जहाज म्हातारं होऊन गळायला लागल्यावर बाहेरून शिशाचा पत्राही चढवलेला आहे.

आता यातली गंमत. ज्या पेगने हे लाकूड वाचवलं तो खनिज तेलापासून केलेला होता. खनिज तेलात किरणोत्सारी कार्बन उरलेलाच नसतो, त्यामुळे पेग भरलेलं लाकूड चाचणीत आहे त्याहून जुनं निघतं. २०२४ साली स्टर्ट मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी तो काढून टाकायची पद्धत वापरली, बदाम नव्याने तपासले आणि चाचणीच्या आकड्यावरून खरं वर्ष काढायचा त्या काळाचा आलेखही सुधारला. जहाज बुडाल्याचा काळ इसवी सनपूर्व २८६ ते २७२ असा आला. वाचवण्याची किंमत अशी कुठे ना कुठे मोजावी लागतेच!

प्रश्न : अँटिकिथिराचं जहाजही ग्रीकच ना? (नाशिक)

माल ग्रीक आहे, पण ते बुडालं इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, म्हणजे रोमन वरचष्म्याच्या काळात. सिमी बेटाच्या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना ते १९०० साली सापडलं. खोली किरेनियापेक्षा बरीच जास्त होती आणि टप्प्याटप्प्याने वर यायचं शास्त्र तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. एक पाणबुड्या दगावला, दोघांना लकवा झाला.

प्रश्न : गोव्यात हौसेने डायव्हिंग करतो. असं काही दिसलं तर काय करावं? (पणजी)

आधी अपेक्षा जरा आवरा. ग्रीक-रोमन जगाशी आपल्या बंदरांचा व्यापार होता आणि रोमन कुंभांचे तुकडे घारापुरीला, नेवाशाला मिळाले आहेत. पण उथळ, उबदार, प्राणवायू भरपूर असलेल्या आपल्या पाण्यात उघडं लाकूड फार तगत नाही. गोव्याजवळ सुंची रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अभ्यासलेलं जहाज पोर्तुगीज काळातलं आहे.

काही दिसलंच तर उचलू नका. शेजारी मोजपट्टी किंवा स्वतःचं फिन ठेवून फोटो काढा, खोली नोंदवा. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, म्हणून बोया वर सोडून होडीवरच्या माणसाला जागा टिपायला सांगा. जोडीला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून घ्या, मच्छीमार धरतात तशा. मग राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. मच्छीमाराच्या जाळ्यात मडकं आधीच वर आलं असेल तर ते घासू नका, सुकवू नका. आत मुरलेलं मीठ सुकताना खडे धरतं आणि मडक्याचे पापुद्रे निघतात. त्याच समुद्राच्या पाण्याच्या बादलीत बुडवून, झाकून, सावलीत ठेवा.