‘हिजडा’, ‘किन्नर’, ‘तृतीयपंथी’, ‘पारलिंगी’: कोणता शब्द, कुठे?

मिरजेच्या एका शिक्षिकेने विचारले आहे, की तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्यावर शाळेच्या भित्तिपत्रकासाठी लेख लिहिताना वरीलपैकी कोणता शब्द घ्यावा आणि क्रियापद कोणत्या लिंगात ठेवावे.

लक्ष्मी यांच्या चरित्रातच या शब्दांचा प्रवास दिसतो. २०१२ साली आलेल्या त्यांच्या मराठी आत्मकथनाचे नाव ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’. रस्त्यावर शिवी म्हणून फेकला जाणारा शब्द त्यांनी ‘मी’ला जोडून मुखपृष्ठावर छापला, हे मला त्यांचे फार मोठे भाषिक धैर्य वाटते. पुढे २०१५ मध्ये साधूंचा आखाडा स्थापताना त्यांनी ‘किन्नर’ हा शब्द निवडला. अमरकोशातला किन्नर घोड्याच्या तोंडाचा, देवयोनीतला. त्या नावाने धार्मिक प्रतिष्ठा मागता येते, पण तो आजच्या प्रत्येक व्यक्तीला लावता येत नाही.

‘तृतीयपंथी’ची घडण ‘नाथपंथी’सारखी आहे. पंथ म्हणजे वाट आणि त्या वाटेने चालणाऱ्यांचा समुदाय. त्यामुळे गुरू-चेला परंपरेने बांधलेल्या हिजडा समाजाला तो शोभतो. मात्र जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदलेला आणि स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा माणूस सहसा अशा परंपरेत नसतो. त्याच्यासाठी ‘पारलिंगी’ हाच नेमका शब्द, कारण तो समुदायाचे नव्हे, तर व्यक्तीच्या लिंगओळखीचे नाव आहे. आपल्या भागातला ‘जोगत्या’, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेला, यांहून निराळा. त्यातून देवीशी असलेले नाते कळते.

क्रियापदाचा प्रश्न मला याहून महत्त्वाचा वाटतो. सांगलीच्या बाजारात एका मंगळवारी डोक्यावर ‘जग’ (देवीचा मुखवटा वा मूर्ती ठेवलेली टोपली) घेतलेले, लुगडे नेसलेले एक जोगते आले होते. दुकानदारांनी ‘ये गं’ म्हणून परडीत धान्य घातले आणि पाठ वळताच ‘गेला बघ’ म्हणाले. त्या ‘गं’ आणि ‘गेला’मधले अंतर मला अजून बोचते. ज्या खटल्यात लक्ष्मी यांनी स्वतः बाजू मांडली, त्याच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला दिला. तेव्हा व्याकरणानेही तीच ओळख मानायला हवी. लक्ष्मी स्वतःला स्त्रीलिंगी मांडतात, म्हणून ‘त्या म्हणाल्या’, ‘त्यांनी लढा दिला, त्या जिंकल्या’ असेच लिहावे. आत्मकथनाचे नाव जसेच्या तसे द्यावे, आणि स्वतःच्या वाक्यात ‘तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्या’ असे म्हणावे.