'चेअर-इलेक्ट'ला मराठीत काय म्हणायचं, आणि 'विभागप्रमुख' का नको

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. दांडिया बाजारातल्या तुमच्या मंडळात एका बाईंचा सत्कार आहे, त्या बरोड्यातच वाढल्या, आता अमेरिकेत शिकवतात, आणि 'अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट'च्या स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट डिव्हिजनच्या चेअर-इलेक्ट झाल्यात. पत्रिकेच्या मसुद्यात आलंय 'धोरण विभागाच्या विभागप्रमुखपदी नियुक्ती झाल्याबद्दल', आणि हे बरोबर आहे का असं तुम्ही विचारताय. मला विचाराल तर धोरण, विभागप्रमुख आणि नियुक्ती हे तिन्ही शब्द बदलायला हवेत, आणि त्यातही 'नियुक्ती' सगळ्यात आधी.

हे पद काय आहे ते कळलं की शब्द आपोआप सापडतो. अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट ही व्यवस्थापनाच्या अभ्यासकांची संस्था, १९३६ सालची. तिच्यात विषयवार वीसहून जास्त डिव्हिजन आहेत, कुणी उद्योजकतेवर काम करतं, कुणी मानव संसाधनावर, आणि कंपन्या स्ट्रॅटेजी कशी ठरवतात, एकाच धंद्यातली एक कंपनी वर्षानुवर्षं पुढे का राहते आणि दुसरी का नाही, यावर संशोधन करणाऱ्यांची ही डिव्हिजन. ती चालवणारे सगळे कुठल्या ना कुठल्या विद्यापीठात नोकरी करणारे प्राध्यापक, हे काम ते वरून करतात, पगार न घेता. सभासद मत देऊन एकदा निवडतात आणि मग ती व्यक्ती साधारण पाच वर्षं एकेक पायरी चढत जाते. पहिल्या वर्षी संस्थेच्या वार्षिक अधिवेशनाआधीच्या कार्यशाळा, दुसऱ्या वर्षी शोधनिबंधांचा सगळा कार्यक्रम, तिसऱ्या वर्षी चेअर-इलेक्ट, चौथ्या वर्षी चेअर, पाचव्या वर्षी पास्ट चेअर.

म्हणजे बघा, बाईंना कोणी नेमलेलं नाही, त्या निवडून आल्या, आणि तेही या वर्षी नाही तर शिडीच्या पहिल्या पायरीवर. म्हणून 'नियुक्ती' चूक, आणि काहीजण हिंदीच्या वळणाने 'निर्वाचित अध्यक्ष' सुचवतील तेही नको, कारण वाचणाऱ्याला वाटेल की आत्ताच निवडणूक झाली आणि त्या अध्यक्ष होऊन बसल्यासुद्धा. आपल्याकडे यासाठी अगदी तयार शब्द आहे, 'नियोजित अध्यक्ष'. साहित्य संमेलनामुळे तो सगळ्यांच्या कानावर आहे. २०१८ मध्ये ९१ वं संमेलन आपल्या बरोड्यात झालं तेव्हा लक्ष्मीकांत देशमुख संमेलन सुरू होईपर्यंत नियोजित अध्यक्षच होते, आणि ज्यांच्याकडून सूत्रं घ्यायची ते मावळते अध्यक्ष. ठरलंय पण अजून खुर्चीत बसायचंय, हा अर्थ त्यात नेमका येतो. बाईंसाठी 'नियोजित अध्यक्षा' करायची गरज नाही, अध्यक्ष दोघांनाही चालतं.

पास्ट चेअरला मात्र 'मावळते' म्हणता येणार नाही हं. मावळते म्हणजे सूत्रं देईपर्यंतचे, आणि इथे पास्ट चेअर अजून एक वर्ष काम करतात, बऱ्याचदा पुढच्या निवडणुकीचं बघणं त्यांच्याकडेच असतं. नुसतं 'माजी' म्हटलं तर आजवरचे सगळेच माजी. 'लगतचे माजी अध्यक्ष' हे मला बरं वाटतं.

आता विभागप्रमुख. आपल्याकडे युनिव्हर्सिटी घरापाशीच, त्यामुळे विभागप्रमुख म्हटलं की डोळ्यासमोर येतो डिपार्टमेंटचा हेड, जो रजेच्या अर्जावर सही करतो, तासिका वाटून देतो. डिव्हिजनच्या अध्यक्षांच्या हाताखाली असं कोणी नसतं. शोधनिबंध तपासणाऱ्या शेकडो परीक्षकांना विनंती करूनच काम करून घ्यावं लागतं, हुकूम कोणाला सोडणार? 'विभाग' शब्द ठेवायला माझी हरकत नाही, 'शाखा' म्हटलं तर बँकेसारखी गावोगावची शाखा वाटते. फक्त प्रमुख काढा आणि अध्यक्ष घाला.

परिचयात त्या आधी प्रोग्रॅम चेअर (म्हणजे शिडीची दुसरी पायरी) होत्या असंही येणार असेल, तर कृपा करून 'कार्यक्रमप्रमुख' लिहू नका. मंडळात कार्यक्रमप्रमुख म्हणजे हॉल, माईक आणि नाश्ता बघणारा माणूस. तिकडे त्या वर्षी काय करावं लागतं तर जानेवारीत शोधनिबंध येतात, प्रत्येक निबंध त्या विषयाच्या परीक्षकांकडे पाठवायचा, लेखकाचं नाव परीक्षकाला कळू द्यायचं नाही आणि परीक्षकाचं लेखकाला, मग अभिप्राय गोळा करून काय घ्यायचं काय नाही ठरवायचं, सत्रं जुळवायची, आणि ऑगस्टच्या अधिवेशनापर्यंत हे सगळं उभं करायचं. त्याला 'शोधनिबंध निवड आणि सत्रनियोजन प्रमुख' म्हणा, लांब आहे पण खरं आहे. आणि रिव्ह्यूअरला समीक्षक नको, परीक्षक. समीक्षक छापून आलेल्या पुस्तकावर लिहितो, हा छापायच्या आधी तपासतो.

राहिला 'धोरण'. यात बरोड्यात दुहेरी अडचण. मराठीत धोरण म्हणजे पॉलिसी, 'सरकारी धोरण', 'धोरणात्मक निर्णय' वगैरे. या डिव्हिजनचं जुनं नाव बिझनेस पॉलिसी अँड स्ट्रॅटेजी होतं, तेव्हा धोरण शब्दाला निदान जागा होती, आता नावातून पॉलिसी गेली आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट एवढंच राहिलं. दुसरी अडचण गुजरातीची. गुजरातीत धोरण म्हणजे इयत्ता, 'धोरण दस' म्हणजे दहावी! तुमच्या सत्काराला गुजराती पाहुणे येणारच, आणि मंडळातली निम्मी मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची, त्यांना 'धोरण विभाग' वाचून शाळाच आठवेल.

'रणनीती' हिंदीतून आलेला आणि निवडणुकीच्या बातम्यांत रुळलेला, पण कंपन्या नुसत्या लढत नाहीत, भागीदारी करतात, दुसरी कंपनी विकत घेतात, नव्या धंद्यात उतरतात, हा सगळा या लोकांच्या अभ्यासाचा भाग, तो रणात मावत नाही. 'डावपेच' आखाड्यातला, तो टॅक्टिक्सला ठीक. मला 'व्यूह' सगळ्यात जवळचा वाटतो. व्यूहसुद्धा युद्धातलाच हे खरं, पण त्यात भर मांडणीवर आहे, आपल्याकडे जे आहे ते कुठे उभं करायचं यावर. 'व्यूहात्मक भागीदारी' आपण पेपरात वाचतोच, आणि गुजरातीतही स्ट्रॅटेजीला व्यूहरचनाच म्हणतात, म्हणजे दोन्ही भाषांच्या लोकांना एका शब्दात कळेल. बरोडा संस्थानाने १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' काढला तो असाच, कारभाराच्या एकेका इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी आणि इतर भाषांतले पर्याय शेजारी शेजारी ठेवून. दोन भाषांच्या गावात शब्द निवडायची ही पद्धत मला फार पटते.

संस्थेच्या नावाचं मात्र भाषांतर करू नका, 'व्यवस्थापन अकादमी' म्हटलं तर कोणालाच कळणार नाही कुठली. आणि 'स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट सोसायटी' असंही चुकून छापू नका, ती १९८१ साली निघालेली वेगळी संस्था.

तेव्हा मी असं लिहीन: 'अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट या अभ्यासकांच्या संस्थेच्या व्यूहात्मक व्यवस्थापन विभागाच्या नियोजित अध्यक्ष झाल्याबद्दल सत्कार.' जागा उरली तर खाली एक ओळ टाका की अध्यक्षपदाची सूत्रं त्या पुढच्या वर्षी घेणार आहेत, नाहीतर सूत्रसंचालक स्टेजवरून त्यांना अध्यक्ष करून टाकेल.