वाचकांचे प्रश्न : रानवाटांसाठी जीपीएस निवडताना

प्रश्न : मी नाशिकचा असून नुकताच नोकरीतून निवृत्त झालो आहे. सह्याद्रीत भटकण्याची जुनी आवड आहे. येत्या उन्हाळ्यात अमेरिकेत ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळ राहणाऱ्या लेकीकडे काही महिने जाणार आहे. तिथे माझा नातू जिओकॅशिंग करतो, म्हणजे इतरांनी लपवलेल्या डब्या अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढतो. त्याच्याबरोबर तिथे आणि परतल्यावर इथल्या घाटवाटांवर, असे दोन्हीकडे वापरता येईल असे हातात धरायचे जीपीएस घ्यावे असे मनात आहे. संकटात उपग्रहावरून निरोप पाठवणारे मॉडेल तिथूनच घेऊन जा, असे लेक सुचवते. कोणते घ्यावे? की मोबाइल पुरेसा आहे?

उत्तर : आपल्या लेकीच्या सूचनेपासूनच सुरुवात करतो, कारण त्या बाबतीत गफलत झाली तर नुकसान केवळ पैशांचे राहणार नाही. उपग्रहावरून निरोप पाठवणारी उपकरणे, उदाहरणार्थ गार्मिन कंपनीची ‘इनरीच’ मालिका किंवा त्याच कंपनीचे जीपीएसमॅप 67आय, भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे. अशा उपकरणांवरून गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. डोंगरात अडकलेल्या माणसासाठी हे साधन किती मोलाचे आहे हे मी जाणतो आणि आपल्याकडच्या गिर्यारोहकांना ते कायदेशीर मार्गाने सहज मिळावे असे मला मनापासून वाटते. परंतु आज ते सामानात घालून आणू नये, हाच सल्ला देणे भाग आहे. साधे जीपीएस उपग्रहांचे संकेत फक्त ग्रहण करते, उपग्रहाकडे काहीही पाठवत नाही, त्यामुळे त्याची गोष्ट निराळी. तरीही विमानतळावरील तपासणीत कर्मचाऱ्यांना हा फरक पटकन लक्षात येईलच असे नाही, म्हणून विमान कंपनीकडे आधी चौकशी करावी आणि खरेदीचे बिल व माहितीपुस्तिका जवळ ठेवावी.

आपण जिथे जात आहात तिथेच या छंदाचा उगम आहे. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळली जाणारी त्रुटी बंद केली आणि तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारी स्थाननिश्चिती एकाएकी कितीतरी अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी पोर्टलंडच्या दक्षिणेस बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. त्या जागी आज स्मृतिफलक आहे. नातवाला घेऊन तिथे अवश्य जावे.

आता निवडीकडे वळू. बहुतेक ग्राहक ‘किती मीटर अचूक?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारतात, आणि माझ्या मते निवड तिथेच चुकते. मोकळ्या आकाशाखाली आजची जवळपास सर्वच उपकरणे तीन ते पाच मीटरांपर्यंत स्थान सांगतात. डबी लपवणाऱ्याच्या उपकरणातही तितकीच त्रुटी असणार, म्हणजे आपले यंत्र कितीही उत्तम असले तरी शेवटचे काही मीटर डोळ्यांनीच शोधावे लागतात. डब्यांची स्थाने अंश आणि दशांश मिनिटांत दिलेली असतात. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थानातील एका अंकाने उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे 1.85 मीटरांचा फरक पडतो. म्हणून आकडे हाताने भरताना हीच पद्धत यंत्रात निवडलेली आहे ना, हे पाहावे. अंश-मिनिट-सेकंद आणि दशांश मिनिटे यांची गल्लत झाली तर माणूस भलत्याच ओढ्यात शोध घेत बसतो.

शेवटच्या त्या काही मीटरांत उपयोगी पडतो तो इलेक्ट्रॉनिक होकायंत्र. तो नसलेल्या उपकरणाला दिशा कळते ती आपण चालत असतानाच, कारण मागच्या आणि पुढच्या स्थानांवरून ते दिशेचा अंदाज बांधते. आपण डबीजवळ पोहोचून थांबलो की बाण भरकटतो. दाट धुक्यात माचीवर उभे राहून खाली उतरणारी नेमकी सोंड, म्हणजे डोंगराची उतरती धार, कोणती हे ठरवतानाही हीच अडचण येते, आणि तिथे ती जिवावर बेतू शकते. म्हणून होकायंत्र नसलेले मॉडेल घेऊच नये, असे मी ठामपणे सांगेन. गार्मिनच्या ईट्रेक्स 22एक्समध्ये तो नाही, तर त्याच रूपाच्या 32एक्समध्ये तो आहे आणि सोबत हवेच्या दाबावरून उंची मोजण्याची सोयही आहे. जीपीएसमॅप 65 आणि 65एस या जोडीतही नेमका हाच फरक आहे.

सह्याद्रीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. सांधण दरीसारख्या अरुंद घळीत किंवा उभ्या कड्याच्या पायथ्याशी अर्धेअधिक आकाश झाकलेले असते आणि उपग्रहाचा संकेत कातळावर आपटून, लांबचा फेरा घेऊन यंत्रापर्यंत पोहोचतो. यंत्र तो सरळ आलेलाच समजते आणि आपल्याला कित्येक मीटर बाजूला दाखवते. एल1 आणि एल5 अशा दोन वारंवारितांवर संकेत घेणाऱ्या उपकरणांमध्ये ही चूक बरीच कमी होते, कारण एल5 संकेताची रचना अशी आहे की थेट आलेला आणि परावर्तित होऊन आलेला संकेत वेगळा ओळखणे सोपे जाते. 65एस आणि जीपीएसमॅप 67 यांत ही सोय आहे. 32एक्समध्ये ती नाही. ओरेगनमधील उंच, ओल्या सूचिपर्णी वृक्षांखालीही संकेत दुबळा होतो, तेव्हा हा जास्तीचा खर्च दोन्हीकडे उपयोगी पडेल.

परंतु अचूक स्थान कळले म्हणजे वाट कळली असे होत नाही. यंत्र दाखवते ते सरळ रेषेतील अंतर. ‘तीनशे मीटर’ असा आकडा पडद्यावर दिसतो आणि मध्ये दोनशे मीटरांचा कडा असू शकतो. कारवीच्या रानात ढोरवाटा इतक्या फुटलेल्या असतात की बाणाच्या दिशेने जाणारी वाट बरोबरच असेल, या समजुतीने माणूस पदरातच, म्हणजे कड्याखालच्या झाडीच्या टप्प्यातच, फिरत राहतो. म्हणून समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असलेला नकाशा आणि त्या वाटेने आधी गेलेल्या जाणकाराने नोंदवलेला मार्ग, म्हणजे ट्रॅक, या दोन गोष्टी निघण्यापूर्वी यंत्रात भरलेल्या असाव्यात. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून तयार केलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर आधारलेले मोफत नकाशे गार्मिनच्या उपकरणांत घालता येतात. ईट्रेक्स एसई हे छोटे मॉडेल पेन्सिल सेलच्या एका जोडीवर, कंपनीच्या म्हणण्यानुसार, 168 तास चालते आणि डबी शोधायला छान आहे. परंतु त्यात असा तपशीलवार नकाशा भरता येत नाही, म्हणून घाटवाटांसाठी मी ते सुचवणार नाही.

पडदा स्पर्शाचा नसून बटणांचा असावा. आषाढातल्या पावसात ओल्या बोटांनी स्पर्शपडदा नीट चालत नाही, आणि पाण्याचे थेंब स्वतःच नको ते आदेश देतात. मोबाइलविषयीची माझी मुख्य तक्रारही हीच आहे. अचूकतेत आजचे चांगले फोन मागे नाहीत आणि पोर्टलंड शहरातल्या बागांमधल्या डब्या शोधायला नातवाचा फोन पुरेल. पण डोंगरात फोनची बॅटरी मदत मागण्यासाठी राखून ठेवायची असते. वाट दाखवण्याचे आणि मदत मागण्याचे काम एकाच बॅटरीवर सोपवणे मला धोक्याचे वाटते.

सेलबाबतही थोडा विचार करावा. जीपीएसमॅप 67 ची अंगभूत बॅटरी 180 तासांपर्यंत चालते असे कंपनी सांगते, आणि बहुतेक ट्रेकसाठी ती भरपूर आहे. 65एस पेन्सिल सेलच्या जोडीवर सुमारे 16 तासच चालते, पण सेल संपले तर पायथ्याच्या गावातल्या किराणा दुकानातही नवे मिळतात. रोजच्या वापरासाठी चार्ज करता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्यावेत आणि यंत्रात सेलचा प्रकार तसा नोंदवावा, अन्यथा शिल्लक चार्ज चुकीचा दिसतो.

आपल्यासाठी मी जीपीएसमॅप 65एस निवडेन. ते मिळाले नाही किंवा सलग अनेक दिवसांच्या भटकंतीचा बेत असेल, तर 67 घ्यावे. मात्र नावाच्या शेवटी ‘आय’ नाही याची खात्री करावी. खर्च आटोपशीर ठेवायचा असेल तर 32एक्स आजही भरवशाचे आहे.

प्रश्न : माझ्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट, म्हणजे भूरूपांचे तपशीलवार नकाशे, आहेत. त्यांवरून मोजलेले देवळाचे अक्षांश-रेखांश जीपीएसमध्ये भरले तर खूण देवळापासून बरीच दूर पडते. यंत्र सदोष आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : यंत्रात दोष असण्याची शक्यता कमी आहे. जुने टोपोशीट एव्हरेस्ट या पृथ्वीच्या आकाराच्या गणितावर बेतलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस 84 हे मानक वापरते. आपल्या भागात या दोहोंमुळे शंभर मीटरांच्या आसपास फरक पडू शकतो. यंत्राच्या सेटिंगमध्ये ‘मॅप डेटम’, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार, बदलून भारतीय डेटम निवडावा, त्या स्थितीत आकडे भरावेत आणि काम झाल्यावर आठवणीने डब्ल्यूजीएस 84 वर परत यावे. ते विसरल्यास इतरांनी दिलेले सर्व आकडे चुकीच्या जागी दिसतील. विभागाचे नवे ओपन सिरीज नकाशे डब्ल्यूजीएस 84 वरच आहेत, तेव्हा शक्य असेल तर तेच वापरावेत.

प्रश्न : हवेच्या दाबावरून उंची मोजणारे जीपीएस घेतले, पण कळसूबाईच्या माथ्यावर दर वेळी वेगळी उंची येते. असे का? (ठाणे)

उत्तर : दाब केवळ उंचीनुसार नव्हे, तर हवामानानुसारही बदलतो. एक हेक्टोपास्कल दाब घटला की यंत्राला आपण साधारण आठ-नऊ मीटर वर चढलो असे वाटते, आणि पावसाळ्यात कमी दाबाचा पट्टा आला की मुक्कामाच्या जागी बसल्याबसल्या उंची वाढलेली दिसते. उपाय असा की निघताना पायथ्याच्या गावाची नकाशावरील उंची भरून यंत्र जुळवून घ्यावे आणि माथ्यावर 1646 मीटर हा आकडा भरून पुन्हा जुळवावे. उपग्रहांवरून मिळणारी उंची आडव्या स्थानापेक्षा अधिक चुकते, म्हणून एवढी खटपट करावी लागली तरी दाबमापक असलेले यंत्रच घाटात अधिक उपयोगी ठरते. त्याचा दुसरा फायदाही आहे. मुक्कामी यंत्र हलवले नसताना रात्रीतून दाखवलेली उंची बरीच वाढली असेल, तर दाब घसरत आहे आणि हवा बिघडण्याची शक्यता आहे, हे ओळखून सकाळी नाळेतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, उतरण्याचा बेत रद्द करता येतो.