फोनच्या कर्नलमध्ये दुरून शिरता येईल अशी व्हल्नरेबिलिटी निघाली की ती खरंच एवढी गंभीर असते का? लिंकवर क्लिक करत नाही, अँटीव्हायरस आहे, फोनचे अपडेट मात्र बंद झालेत.

"लिंकवर क्लिक करत नाही, अँटीव्हायरस आहे" हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण माझ्या एका जुन्या साहेबांनी हेच भर मीटिंगमध्ये ऐकवलं होतं.

गंभीर असते का, तर हो. कर्नल म्हणजे फोनच्या सिस्टिमचा गाभा आणि व्हल्नरेबिलिटी म्हणजे आत शिरायला मिळणारी फट. एरवी शिरणाऱ्याला आधी ब्राउझर किंवा एखादं ॲप फोडावं लागतं, मग ॲपला कोंडून ठेवणाऱ्या सँडबॉक्समधून बाहेर पडावं लागतं, मग कुठे कर्नल. थेट कर्नलच दुरून सापडला तर मधली सगळी मेहनत वाचली, आणि परमिशन देणाराच ताब्यात गेल्यावर परमिशन विचारणार कोण. क्लिकचा प्रश्नच नाही, नेटवर्कवरून आलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचं पुडकं, कर्नल स्वतः उघडतो, तुम्हाला विचारत बसत नाही. आणि अँटीव्हायरस हेही शेवटी एक ॲपच, त्याला त्या पॅकेटचा पत्ताही लागत नाही.

आता ते साहेब. २०१८ सालची गोष्ट, बाहेर फिरणाऱ्या स्टाफचे फोन सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. साहेबांची एक एक्सेल शीट होती, आलेल्या सगळ्या व्हल्नरेबिलिटी गंभीरतेच्या दहापैकी स्कोअरप्रमाणे लावायच्या, ९ च्या वर असेल ते लाल, बाकी सगळं पुढच्या तिमाहीत बघू. सप्टेंबरात आयओएस १२ आलं होतं पण आमचं कंपनीचं ॲप त्याच्यावर टेस्ट व्हायचं होतं म्हणून सगळे आयफोन आयओएस ११ वरच. ऑक्टोबरच्या शेवटी केव्हिन बॅकहाउस या सिक्युरिटी संशोधकाने सीव्हीई-२०१८-४४०७ ची माहिती जाहीर केली (सीव्हीई म्हणजे अशा फटींना दिलेला नंबर). वाकडंतिकडं पॅकेट आलं की "हे चुकीचं आहे" असं उत्तर पाठवणारा ॲपलच्या कर्नलमधला जो आयसीएमपीचा कोड, नेमकी त्यातच बोंब होती, उत्तरात मूळ पॅकेटचा तुकडा कॉपी करताना जागा पुरतेय का हे नीट तपासलंच जात नव्हतं. एकाच वायफायवर असलं की काम झालं. आयओएस १२ मध्ये दुरुस्ती आधीच आलेली, आम्ही बसलोय ११ धरून.

तोंडी सांगून उपयोग नाही हे माहीत होतं म्हणून मी एक टेस्टचा आयफोन आणि वेगळा राउटर घेऊन मीटिंगला गेलो. फोन टेबलावर मधोमध, लॉक केलेला, कोणाचा हात नाही. मी लॅपटॉपवर एंटर दाबलं, फोन काळा झाला आणि थोड्या वेळाने सफरचंद उगवलं. दोघेतिघे पुढे सरकले. साहेब म्हणाले, "रिस्टार्टच झाला ना? डेटा कुठे गेला?" अहो, कर्नलच्या मेमरीत बाहेरचा माणूस हवं ते लिहू शकतोय! क्रॅश होणं ही त्यातली सगळ्यात भोळी गोष्ट, कसलेला माणूस असेल तर तो क्रॅश न करता तिथे काय लिहायचं ते शोधत बसेल. तर म्हणे "त्याच वायफायवर यावं लागतं, मग रिमोट कसलं?" आणि आमचा स्टाफ दिवसभर दिसेल त्या फुकट वायफायला जोडलेला!

डिसेंबर २०२० मध्ये गूगलच्या अशा फटी शोधणाऱ्या प्रोजेक्ट झीरो टीममधल्या इयान बीअरने दाखवलं की आयफोन एकमेकांशी थेट बोलायला जो एडब्ल्यूडीएल प्रोटोकॉल वापरतात त्यातल्या एका बफर ओव्हरफ्लोवरून (जागेपेक्षा जास्त डेटा भरला जाण्याची चूक), कुठल्याही नेटवर्कला न जोडता, नुसतं रेडिओच्या टप्प्यात राहून फोटो, मेसेज सगळं वाचता येतं. एकटा माणूस, घरी बसून, सहाएक महिन्यांत. (ॲपलने ते आधीच बुजवलं होतं.) मी ते साहेबांना पाठवलं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

स्कोअरचं गणित सांगतो म्हणजे शीटची गंमत कळेल. बाकी सगळं सारखं ठेवून फक्त "इंटरनेटवरून" च्या जागी "जवळच्या नेटवर्कवरून" लिहिलं की ९.८ चा ८.८ होतो, म्हणजे साहेबांच्या शीटमधला लाल रंग गेला. अँड्रॉइड ज्यावर चालतो त्या लिनक्स कर्नलच्या यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत) कोडमधली सीव्हीई-२०१६-१०२२९ ही ९.८ ची, पण तिच्यासाठी फोनवरचं एखादं ॲप एमएसजी-पीक हा, डेटा न उचलता नुसता डोकावून बघायचा, फ्लॅग लावून डेटा वाचत असावं लागतं, जे सहसा कोणी करत नाही. उलट सीव्हीई-२०२४-३६९७१ फक्त ७.८ ची, आणि ऑगस्ट २०२४ च्या अँड्रॉइड बुलेटिनमध्ये गूगलने लिहिलं की ती मोजक्या लोकांवर वापरली जात असल्याची चिन्हं आहेत. त्यामुळे आकडा बघून घाबरायचं की नाही ठरवणं हा आळशीपणा आहे. हल्लेखोर कुठे उभा पाहिजे, तो कोड तुमच्या फोनवर खरंच चालतो का आणि दुरुस्ती तुमच्या मॉडेलपर्यंत पोचली का, हे बघा.

हां, एक राहिलं. असली हत्यारं महाग असतात, ती पत्रकार, वकील, राजकारणी अशांसाठी राखलेली असतात. तुमचे पैसे गेलेच तर ओटीपी सांगून नाहीतर भलतं ॲप टाकून जाण्याची शक्यता कितीतरी जास्त. आणि नव्या फोनांमध्ये ओव्हरफ्लो सापडला तरी त्याचा उपयोग करणं बरंच अवघड झालंय, हेही खरं.

तुमचा अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये सिक्युरिटी पॅच लेव्हल, म्हणजे कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या आल्यात, ते बघा. तिथे महिन्याची १ तारीख असेल तर त्या महिन्याच्या कर्नलच्या आणि चिपच्या दुरुस्त्या आल्यात असं धरू नका, त्या ५ तारखेच्या लेव्हलमध्ये येतात. गूगल प्लेचं सिस्टिम अपडेट वेगळं, ते झालं म्हणून कर्नल बदलत नाही. आयफोनवर कंट्रोल सेंटरमधून वायफाय दाबलं की फक्त नेटवर्क सुटतं, रेडिओ चालूच राहतो, बंद करायचं तर सेटिंगमध्ये जाऊन करा. आणि अपडेट बंद झालेल्या फोनवर अँटीव्हायरसचे पैसे घालवू नका, तेच नव्या फोनसाठी ठेवा, तोवर बँकेचं ॲप त्याच्यावरून काढा.